पायाचे फोड आणि पायी नवस

गोठ्यातल्या बैलाच्या खुरात फोड दिसला, तोंडातून लाळ गळू लागली, की आमच्या खानापूर भागातला शेतकरी जेवणाचे ताट बाजूला सारून जनावरांच्या डॉक्टरकडे धावतो. लाळ्या-खुरकूत म्हणजे काय, तिची लस केव्हा टोचायची, हे त्याला तोंडपाठ असते. या पानावर त्याबद्दल पुष्कळ लिहूनही झाले आहे. त्याच शेतकऱ्याच्या स्वतःच्या पायाला रुपयाएवढा फोड आला तर तो बाभळीच्या काट्याने फोडतो, वर चिमूटभर तंबाखू दाबतो आणि पुढे चालू लागतो. बैलाला जी किंमत, ती मालकाला नाही. म्हणून आज माणसाच्या फोडांविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे. लिहिण्याचे आणखी एक कारण आहे, ते पुढे ओघात येईल.

आमच्याकडे फोडांचा हंगाम ठरलेला आहे. आधी भातकापणी येते, तेव्हा हाताला फोड. कापणी-मळणी उरकते न उरकते तोच संत फ्रान्सिस झेवियरचा सण येतो. २४ नोव्हेंबरला नोव्हेना सुरू होते, ३ डिसेंबरला सण. त्यासाठी बेळगाव-खानापूरकडची शेकडो माणसे जुन्या गोव्यापर्यंत शंभरावर किलोमीटर पायी जातात, तेव्हा पायाला फोड. दोन्ही वेळी माणसे आमच्या दारात येतात, कारण फादरांच्या घरी औषधाची पेटी असते.

आधी फोड म्हणजे काय ते समजून घेऊ. आपली कातडी एकसंध दिसते, पण ती थरांची असते. तळहाताला आणि तळपायाला वरचा थर जाड असतो. विळ्याची मूठ किंवा चपलेचा पट्टा हा वरचा थर धरून ठेवतो, आणि आतले हाड मात्र प्रत्येक हालचालीबरोबर पुढेमागे सरकते. वरून धरलेले आणि आतून ओढलेले, अशी मधल्या थरांची ओढाताण हजारो वेळा होते. शेवटी आतल्या आत एक फट पडते आणि तीत अंगातले पाणी झिरपून साचते. कातडी वरून झिजली तर ते खरचटणे. फोड हा आतून फाटतो. म्हणूनच अगदी मऊ कापडाचा मोजा घालूनही फोड येऊ शकतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

फोडातले पाणी घाण असते, ते काढून टाकले पाहिजे, ही समजूत आमच्या भागात फार खोल रुजली आहे. ते पाणी म्हणजे रक्तातलाच पातळ, स्वच्छ अंश होय. पू निराळा, तो गढूळ आणि पिवळट असतो. फोड येऊन एक दिवस होतो न होतो तोच त्याच्या तळाशी नव्या पेशी वाढू लागतात, आणि पाचेक दिवसांत खाली नवी कातडी तयार होते. तोवर वरची कातडी छपराचे काम करते. जंतू आत येऊ देत नाही, उघड्या मांसाला वारा लागू देत नाही. परमेश्वराने फुकट दिलेली ही मलमपट्टी आपण काट्याने फाडून टाकतो आणि मग बाजारात दुसरी विकत घ्यायला जातो.

घामाचे मात्र लक्षात ठेवावे. अगदी कोरड्या कातडीवरून वस्तू घसरते, पाण्याने निथळणाऱ्या कातडीवरूनही घसरते. पण ओलसर, घामेजलेली कातडी धरून ठेवते, आणि ओढाताण तिथेच जास्त. नोव्हेंबरात पहाटे दंवातून चालताना भिजलेले मोजे दुपारपर्यंत तसेच पायात ठेवले की फोडाला दुसरे आमंत्रण नको.

हातांचे थोडक्यात सांगतो. आमच्या शेतांत कापणीला येणाऱ्या बायका दिवसभर विळा चालवतात, त्यांना फोड क्वचित येतो. पुण्याहून किंवा मडगावहून चार दिवसांच्या रजेवर आलेल्या त्यांच्याच मुलाच्या तळहाताला दुपारपर्यंत तीन फोड येतात. आईच्या हाताला घट्टे आहेत, मुलाच्या हाताला नाहीत, एवढाच फरक. घट्टा एका दिवसात पडत नाही. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे काम वाढवत नेले तर कातडी हळूहळू तयार होते. मुठीला सुती चिंधी घट्ट गुंडाळावी आणि हात पुसायला पंचा जवळ ठेवावा. चुरचुर होऊन जागा लाल व गरम झाली की तिथेच थांबावे. फोडाच्या आधी ही खूण बहुधा येतेच, आणि एवढी चार गुंठ्यांची पात संपवू म्हणून आपण ती मोडून काढतो.

प्रत्येक फोड घासल्यामुळेच येतो असेही नाही. काजूच्या बियांची टरफले फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलातल्या तेलाने फोड येतात. त्यावर उपाय हातमोजे, आणि ते पुरवणे हे मालकाचे कर्तव्य आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. बिब्ब्याचे तेल त्याच जातीचे. टाचेला भेगा पडल्या की बिब्बा तापवून लावायची चाल अजून आहे, आणि त्याने कातडी काळी पडून फोड उठलेले आम्ही पाहिले आहेत. एखाद्याच्या चांगल्या कामात बिब्बा घालू नये असे आपण म्हणतो. स्वतःच्या पायात तरी का घालावा? अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे ओळीने फोड उठले आणि जागा आगीसारखी जळू लागली, तर ती नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्याच्या नसांत त्यांचा विषाणू वर्षानुवर्षे झोपून असतो, तो पुन्हा जागा होतो. नागिणीचे डोके-शेपूट जुळले की माणूस दगावतो ही निव्वळ भीती. गेरू फासून घेण्यात वेळ घालवू नये. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांचे औषध सुरू झाले तर गुण चांगला येतो, आणि डोळ्याजवळ नागीण उठली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता घासल्याने आलेल्या फोडाचे काय करावे? लहान असेल आणि दुखत नसेल तर काहीही करू नये. साबण-पाण्याने धुवावा, कोरडा करावा, वर स्वच्छ पट्टी लावावी. ज्या चपलेने तो आला ती बदलावी. फोड मोठा असेल, ताणलेला असेल आणि चालणे अशक्य होत असेल तर, आणि माणसाला मधुमेह नसेल तरच, पाणी काढता येते. आधी हात साबणाने धुवावेत. फोड धुवून स्पिरिटने पुसावा. नवी सुई स्पिरिटने पुसून किंवा दहा मिनिटे उकळून घ्यावी. फोडाच्या कडेला एकदोन ठिकाणी टोचून पाणी दाबून बाहेर काढावे आणि कातडी जागच्या जागी बसू द्यावी. ती ओढून काढू नये, कात्री तर मुळीच लावू नये. वर थोडे व्हॅसलिन, त्यावर स्वच्छ पट्टी, रोज बदलावी. रक्ताने भरलेला फोड आणि भाजल्याचा फोड यांना सुई लावू नये. भाजले असेल तर लगेच वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे; टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. तंबाखू, चुना, चुलीतली राख यांतले काहीही कोणत्याही फोडावर घालण्याजोगे नाही. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन टीडीचे इंजेक्शन घ्यावे.

आजूबाजूची जागा लाल होऊन पसरू लागली, पू आला, लाल रेघ पायावर वर चढू लागली, जांघेत गाठ आली किंवा ताप भरला, तर पुढचा मुक्काम दवाखान्यात करायचा, चर्चमध्ये नव्हे.

एवढ्याशा फोडाचा इतका बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. १९२४ सालच्या ३० जूनला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता बूट चढवून टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला. त्यात जंतू शिरले, विष रक्तात भिनले, आणि ७ जुलैला तो मुलगा वारला. देशातले उत्तमोत्तम डॉक्टर उशाशी होते. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर चार वर्षांनी, १९२८ साली लागला. आज औषधे आहेत, हे खरे. पण ती वेळेत पोटात गेली पाहिजेत, आणि वेळेत जाण्यासाठी पाय दुखला पाहिजे.

इथे आम्ही आमच्या मूळ कारणाकडे येतो.

२०२२ सालच्या यात्रेत आम्हीही चाललो. आमच्या एका वाडीतला गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेला, अनवाणी चालत होता. मुलगी बाळंतपणात वाचली म्हणून त्याने नवस केला होता. त्याला साखरेचा आजार आहे हे घरच्यांना ठाऊक होते. आम्हाला ठाऊक नव्हते, आणि आम्ही विचारलेही नाही. अनमोडचा घाट उतरून मोलेला मुक्काम पडला, तेव्हा कोणी तरी कंदिलाच्या उजेडात त्याचा तळपाय दाखवला. चवड्याखाली लिंबाएवढा फोड, त्यात खडा रुतलेला. आम्ही विचारले, "बाबा, चालवेल का?" तो हसून म्हणाला, "फादर, काय सुदिक दुखत नाही. सायबाची कृपा." सोबतच्या पोरांनी फोड फोडला, कातडी सोलून काढली, वर तंबाखू भरली. आम्ही शेजारी उभे होतो. आम्ही अडवले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो सगळ्यांच्या पुढे चालू लागला.

परत आल्यावर रविवारच्या मिस्साच्या प्रवचनात आम्ही त्याचा दाखला दिला. श्रद्धा असली की वेदनाही पळते, असे काहीसे बोललो. लोकांना ते आवडले. जानेवारीत त्याची दोन बोटे आणि चवड्याचा एक भाग कापावा लागला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची बायको आम्हाला म्हणाली, "फादर, तुम्हीच म्हटलासा की, सायबाची कृपा म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

त्याचा पाय दुखत नव्हता, कारण त्याच्या पायाच्या नसा मेल्या होत्या. मधुमेह बरीच वर्षे अंगात राहिला, साखर ताब्यात नसली, की पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठाही मंदावतो. खडा टोचला, डांबर भाजले, फोड आला, फुटला, चिघळला, यातले काहीच वर कळत नाही. दुखणारा फोड माणसाला बसवतो, लंगडायला लावतो, वजन दुसऱ्या पायावर टाकायला लावतो, आणि त्यामुळेच बरा होतो. न दुखणारा फोड माणसाला चालवत ठेवतो. तेव्हा यात्रेत सगळ्यांत घाबरण्याजोगा फोड कुठला, तर जो दुखत नाही तो.

ही गोष्ट आम्हाला ठाऊक असायला हवी होती. डॉ. पॉल ब्रँड हे नाव आम्ही सेमिनरीत असताना ऐकले होते. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ साली जन्मलेला हा शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला आणि पुढे कुष्ठरोग्यांवर उपचार करू लागला. कुष्ठरोगाने बोटे आपोआप गळून पडतात असे सगळे जग मानत होते. ब्रँडनी रोग्यांचे हातपाय रोज तपासले आणि त्यांना कळले की बोटे रोगाने गळत नाहीत. रोगाने वेदना मरते, आणि वेदना मेलेल्या हातापायांना रोजचे फोड, चटके आणि जखमा खाऊन टाकतात. कुष्ठरोग्यांना आणि मधुमेह्यांना आज मऊ रबराच्या एमसीआर चपला देतात, त्यांच्या मागे वेल्लोरचे हेच काम आहे. वेदना ही देणगी आहे असे ते म्हणत आणि लिहीत. आम्ही मात्र वेदना नसण्याला देणगी म्हणालो. (बधिर चट्टा किंवा न दुखणारा फोड मधुमेह नसताना दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.)

तेव्हा आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. ज्याला मधुमेह आहे त्याने अनवाणी यात्रा करू नये, आणि पायाला बधिरपणा असेल तर पायी यात्राच करू नये. नवस केला असला तरीही. हे वाचून काही वडीलधारी मंडळी आमच्यावर रागावतील. आमचे वाडवडील अनवाणी गेले, त्यांना काय झाले, असे ते विचारतील. वाडवडील बारा महिने अनवाणी चालत, त्यांचे तळवे कातड्यासारखे टणक होते, आणि वाट मातीची होती. आज आपण अकरा महिने चप्पल घालतो आणि बाराव्या महिन्यात तापलेल्या डांबरावर अनवाणी उतरतो. शिवाय वाडवडिलांपैकी किती जणांचे पाय गेले याची नोंद कोणी ठेवली होती?

नवस मोडला तर पाप लागेल, ही धास्ती खरी आहे आणि तिची टवाळी आम्ही करणार नाही. पण चर्चचा कायदा काय म्हणतो ते पाहावे. १९८३ च्या धर्मसंहितेतले ११९१ वे कलम सांगते की नवस म्हणजे शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीविषयी देवाला दिलेले वचन. बधिर पाय डांबरावर चालवणे ही अधिक चांगली गोष्ट कशी ठरेल, हे आम्हाला समजत नाही. ११९६ वे कलम धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूला योग्य कारणासाठी खासगी नवसातून मोकळे करण्याचा अधिकार देते. आणि ११९७ व्या कलमाप्रमाणे नवस करणारा स्वतःच आपला नवस तितक्याच किंवा त्याहून चांगल्या कृत्यात बदलू शकतो. त्यासाठी आमच्याकडे यायचीही गरज नाही. बसने जुन्या गोव्याला जावे आणि पायी चालण्याचे ते चारपाच दिवस एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याची सेवा करण्यात घालवावेत. आमच्या मते हे चालण्यापेक्षा अवघड आहे.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी खुशाल चालावे, आम्हीही चालणार. पण तयारीने. महिनाभर आधीपासून रोज चालावे, तीन किलोमीटरपासून वाढवत न्यावे. यात्रेसाठी नवे बूट घेऊ नयेत, घेतलेच तर महिनाभर वापरून मऊ करावेत. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, कारण घाट उतरताना पाय पुढे सरकतो आणि फोड बोटांच्या टोकांना येतात. मोजांचे दोन-तीन जोड ठेवावेत आणि ओले झाले की बदलावेत. नखे कापावीत. जिथे दर वर्षी फोड येतो तिथे निघण्यापूर्वीच कागदी चिकटपट्टी लावावी. औषधाच्या दुकानात मायक्रोपोर म्हणून मागावी, स्वस्त असते. हा आमचा घरगुती शोध नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सुमारे २५० किलोमीटर धावणाऱ्या १२८ जणांवर हीच साधी पट्टी तपासून पाहिली आणि २०१६ साली निकाल छापला: पट्टी लावलेल्या जागी फोड बरेच कमी आले. आणि रोज संध्याकाळी मुक्कामावर प्रत्येकाने दुसऱ्याचे तळपाय दिव्याखाली पाहावेत. दुखते का, हे विचारून भागणार नाही.

यंदा निघण्यापूर्वी पंधरा दिवस आम्ही नावे लिहून घेणार आहोत. प्रत्येकाने येताना प्राथमिक आरोग्य केंद्रातून साखर तपासल्याची चिठ्ठी आणावी. नवसाबद्दल ज्यांना बोलायचे आहे त्यांच्यासाठी आम्ही रोज संध्याकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या मागच्या खोलीत असू. तो गृहस्थ नावे लिहायला आमच्या शेजारी बसणार आहे. त्याने स्वतःहून विचारले, आणि आम्ही हो म्हटले.